कोटाची सहा बटणं

बटणमावशींना राग यायला कारण लागत नाही, असं रोजगार कचेरीतले वरच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं, आणि ते रोज सकाळी साडेनऊला तळघराच्या दारात येऊन पडलेलं असायचं. लोकांनी दान केलेल्या कपड्यांच्या पिशव्या! पहिली पिशवी उघडेपर्यंत मावशी माणसात असायच्या. मग काखेत पिवळा पडलेला एखादा शर्ट निघायचा, नाहीतर टिकल्या गळलेला पार्टीचा झगा, नाहीतर एकाच पायाचा मोजा, आणि मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"हे घालून कोण जाणार नोकरी मागायला? देणाऱ्याचा बाप?"

खोली कचेरीची, कपडे गावाचे आणि हात मावशींचे. कुणाला मुलाखतीला जायचंय, कुणाला कोर्टात, कुणाला लेकीच्या लग्नात आणि कुणाला मयताला, आणि अंगावर चढवायला धड काही नाही, अशांनी जिना उतरून इथे यायचं. मावशींनी ढिगातून कपडा काढायचा, उसवायचा, अंगाबरोबर करून द्यायचा. खोलीला खिडकी एकच, तीही फुटपाथच्या पातळीला. तिच्यातून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसायची. चपलांवरून मावशी ओळखायच्या कोण येतंय, आणि बहुतेक वेळा किती घाबरलंय हेही.

बटणमावशी हे नाव पडलं त्यांच्या एका खोडीमुळे. पिशवी उघडली की पहिलं काम बटणं कापायचं. शर्ट असो, कोट असो, लहान पोराचा बंडी-चड्डीचा जोड असो, सगळ्याची बटणं कच्चकन कापून काचेच्या बरणीत. मग दुसऱ्याच कुणाची तरी बटणं त्याला लावायची. स्वतःच्या बटणांसकट एकही कपडा त्या खोलीबाहेर गेला नव्हता. शिवाय प्रत्येक पिशवीवर ती कुठल्या घरून आली त्याची चिठ्ठी, आणि त्या घरचा कपडा त्या गल्लीत राहणाऱ्याला द्यायचा नाही, हा दुसरा नियम.

वरच्या मजल्यावर एक सल्लागार बाई होत्या. मुलाखतीला काय घालावं यावर दर बुधवारी त्या पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यान द्यायच्या. त्यांनी एकदा खाली येऊन विचारलं होतं, "अहो मावशी, चांगली बटणं कशाला तोडता? केवढा वेळ जातो."

"तुमचा जातो का?"

बाई गेल्या वर. मावशींनी खरं कारण कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगायला गेलं की घसा आवळायचा, आणि घसा आवळलेला माणूस रागावलेला दिसत नाही, रडवेला दिसतो. रडवेलं दिसणं त्यांना परवडणारं नव्हतं.

कारण पन्नास वर्षांपूर्वीचं होतं. मावशी तेव्हा आठ वर्षांची पोर होती. आई एका मोठ्या घरी फरशा पुसायची, आणि त्या घरच्या मुलीचे आखूड झालेले फ्रॉक हिला यायचे. एक पिवळा फ्रॉक आला. त्याला लाल फुलांच्या आकाराची पाच बटणं होती. पोरगी तो घालून शाळेत गेली, आणि मधल्या सुट्टीत त्या घरची मुलगी समोर येऊन उभी राहिली. "हा माझा फ्रॉक. बटणं बघा, माझ्या आत्यानं आणलेली." वाईट नव्हती ती मुलगी. तिला आनंदच झाला होता. तिनं तीन मैत्रिणींना हाक मारून एकेक बटण हात लावून बघायला लावलं. पोरगी शाळा अर्ध्यावर टाकून घरी पळाली. आईनं आधी एक थोबाडीत दिली, आणि दुसऱ्या दिवशी हाताला धरून त्या घरी नेलं. "म्हण थँक्यू." पोरगी म्हणाली. घरच्या बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गुणाची आहे म्हणाली.

नंतर तीस वर्षं मावशींनी कारखान्यात गणवेश शिवले, नवरा गेला, कारखाना बंद पडला, गुडघे बिघडले. पुष्कळ गोष्टी त्या विसरल्या. तो थँक्यू मात्र त्यांच्या घशातून खाली उतरला नाही.

कपडे निवडण्यात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांना ते माहीत होतं. सल्लागार बाई सांगायच्या की एक पांढरा शुभ्र शर्ट हवाच, तो कशावरही जातो. मावशी ऐकून भडकायच्या. "जातो ना! एकाच नळावर सात बिऱ्हाडं धुणं धुतात, तिथं पांढरा शर्ट दोन दिवसांत पोतेऱ्याच्या रंगावर जातो." त्यांचा हिशेब वेगळा होता. माणसाला पाच कपडे पुरतात, पण ते पाचही एकमेकांशी बोलणारे पाहिजेत. खाली घालायचे दोन, एक राखाडी, एक गर्द निळा. वरचे दोन, दोन्हींवर चालतील असे. आणि एक कोट, जो मुलाखतीला घातला तर नोकरी मागतो, मयताला घातला तर गप्प राहतो आणि लग्नात गळ्याशी एक रुमाल बांधला की हसतो. रंग दोनच. तिसरा रंग ज्याचा त्यानं निवडायचा, आणि तो चेहऱ्याजवळ असला पाहिजे.

अंगाचं माप त्या शेवटी घ्यायच्या. आधी प्रश्न. "कसा जाणार? बसनं की चालत? चालत जाणार तर घाम येईल, हा रंग नको. तिथं किती वेळ उभं राहायचंय? हात कुठं ठेवणार? खिसा लागतो का हातांना? बूट आहेत का, की तेही मीच बघू?" आणि सगळ्यात शेवटी, टेप गळ्यात टाकत, "समोर कोण बसणार आहे?"

एकदा एक टॅक्सीवाला आला होता. मुलाचा ताबा मिळावा म्हणून त्याला कोर्टात उभं राहायचं होतं. सल्लागार बाईंनी त्याला टाय बांधून खाली पाठवला. मावशींनी तो टाय सोडून कचऱ्याच्या डब्यात टाकला. "टाय बांधलास तर सारखा गळ्याशी हात नेशील, आणि जज्जला वाटेल हा खोटं बोलतोय. पोराला शाळेत सोडायला जाताना काय घालतोस? तसलंच, पण इस्त्रीचं." शिवाय ढिगातून एक शर्ट काढून दिला आणि तो एक दिवस घरी घालून वावरायला लावलं. त्यात स्वयंपाक कर, भांडी घास, बस पकड, मग ये. नवा कपडा अंगाला परका असतो आणि परकेपणा समोरच्याला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. टॅक्सीवाल्याला मुलगा मिळाला. पेढ्यांऐवजी त्यानं एक किलो सुटी बटणं आणून दिली. तेवढा एक दिवस मावशी कुणावर खेकसल्या नाहीत.

घरी त्या आणि त्यांची सून अशा दोघीच. मुलानं सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी दुसरा संसार मांडला होता आणि तोंड वर करून ते सांगायला घरी आला होता. मावशींनी त्याचे कपडे जिन्यावरून खाली फेकले, बटणांसकट. सुनेला म्हणाल्या, "तू कुठं जायचं नाहीस." सून राहिली. वाढलं ते जेवायची, सासूनं शिवलं ते घालायची. सहा वर्षांत तिनं एकदाही काही मागितलं नव्हतं. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं पोरीनं, अशी सासू मिळायला भाग्य लागतं. ते ऐकलं की सून खाली बघायची. मावशींना वाटायचं, लाजते.

मग गावातल्या मोठ्या रुग्णालयात नोंदणी खिडकीवर लेखनिकाच्या दोन जागा निघाल्या. सुनेनं कुणाला न सांगता अर्ज भरला आणि लेखी परीक्षेत पहिली आली. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मावशींना कळलं. "मला आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणून त्यांनी भांडी आदळली, आणि दुसऱ्याच मिनिटाला ढीग उपसायला बसल्या.

तो कोट त्यांना त्याच आठवड्यात मिळाला होता. दारात पिशवी पडली होती, चिठ्ठी नव्हती. आतलं गर्द निळं लोकरीचं कापड एक नंबर, पण बाहेरून कोपरं घासून चकचकीत झालेली, खांदे अवाढव्य, अस्तराला कसर लागलेली. मावशींनी चार रविवार त्यावर घालवले. कोट पुरता उसवला आणि उलटवला. म्हणजे कापडाची झिजलेली बाजू आत आणि कोरी बाजू बाहेर. जुनी काजं रफू करून बुजवली, नवी केली. खांदे दोन बोटं आत घेतले, अस्तर नवं घातलं, कॉलर अरुंद केली. दर रविवारी सुनेला स्टुलावर उभी करायच्या. "ताठ. वळ. आता इकडं वळ. वळ म्हणते ना."

प्रश्नही विचारले. कशी जाणार, किती थांबावं लागेल, कागद कुठल्या हातात धरशील.

"समोर कोण बसणार?"

"तीन जण असतात म्हणे, आई. नावं कुठं सांगतात?"

राहिली होती बटणं. सहा होती, पुढं चार आणि बाह्यांना एकेक. शिंगाची, तपकिरी, आणि प्रत्येकात एक पांढरी रेघ, कुठलीच दुसरीसारखी नाही. मावशींनी ती डब्यात टाकायला उचलली.

"आई," सून म्हणाली, "ही राहू द्या ना."

"काय?"

"बटणं. किती सुंदर आहेत. राहू द्या."

सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीनं काहीतरी मागितलं होतं. मावशींचा हात हवेतच राहिला. नियम त्यांचा होता, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या फ्रॉकातून आलेला होता, आणि तो त्यांनी त्या क्षणी गुंडाळून ठेवला. उसवताना काढलेली तीच सहा बटणं त्यांनी पुन्हा लावली, प्रत्येकाखाली दोऱ्याचे चार वेढे देऊन, घट्ट. लावताना त्या गुणगुणत होत्या. हे सुनेनं नंतर सांगितलं, त्यांना स्वतःला आठवत नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी तळघराच्या खिडकीतून सुनेचे बूट दिसले. सकाळी मावशींनीच पॉलिश केले होते. पावलं हळू पडत होती. जिना उतरून सून आत आली तेव्हा कोट तिच्या हातावर होता आणि दुसऱ्या हातात एक फुगलेली पिशवी.

"काय झालं?"

सून स्टुलावर बसली. "आत गेले. रुग्णालयाच्या मोठ्या मॅडम मधे बसल्या होत्या, एका बाजूला डॉक्टर, एका बाजूला हेडक्लार्क. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं छाप पडली."

"मग?"

"मग म्हणाल्या, जरा उभी राहा. वळ. आणि हसल्या. 'अहो डॉक्टर, हा माझा कोट! बटणं बघा ना, मी स्वतः निवडलेली.' मला जवळ बोलावलं. डॉक्टरांना बाहीचं बटण दाखवलं. म्हणाल्या, आपली वस्तू योग्य माणसाच्या अंगावर गेली की किती बरं वाटतं."

मावशींच्या कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायला लागलं. "प्रश्न काय विचारले?"

"एकच. घरी कोण कोण असतं. आणि मग म्हणाल्या, खिडकीवर फार कटकट असते, तुला झेपेल का, बाळ? आमच्या धुलाई विभागात जागा आहे, तिथं उद्यापासून लावून घेते." सुनेनं पिशवी खाली ठेवली. "ही गाडीतून काढून दिली. अजून कपडे आहेत म्हणाल्या."

"आणि तू काय म्हणालीस?"

सून पिशवीचे बंद सारखे करू लागली.

"काय म्हणालीस?"

"थँक्यू म्हणाले."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईवर गेली, डॉक्टरवर गेली, चिठ्ठी न लावता पिशवी टाकणाऱ्यावर गेली, आणि ज्याच्यावर जायला नको त्याच्यावरही गेली. "तुला बटणं हवी होती ना?" त्या ओरडल्या. "सुंदर आहेत म्हणे! घे आता बटणं! भोग!"

बोलून झालं आणि त्यांना स्वतःचीच जीभ छाटावीशी वाटली. थोबाडीत मारणारी आई त्यांनी पन्नास वर्षं मनातल्या मनात शिव्या घालून जपली होती, आणि आज तिचंच तोंड त्यांना लागलं होतं. सून उठली, कोट घडी घालून टेबलावर ठेवला आणि जिना चढून गेली. पिशवी तिथंच राहिली. मावशींनी ती उघडली नाही. संध्याकाळी कोट काखेत आणि पिशवी हातात घेऊन त्या घरी आल्या तेव्हा सुनेनं ताट वाढून ठेवलं होतं आणि पाठ करून झोपली होती.

सकाळी मावशी आपल्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. पाच कपडे होते. मुलाखतीचा होता, मयताचा होता, लग्नाचा होता. भांडायला जाताना काय घालावं हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आता स्वतःलाही सांगता येईना. शेवटी त्यांनी कारखान्यातला जुना ॲप्रन चढवला, टेप गळ्यात टाकली आणि पिशवी उचलली.

"कुठं निघालात?" सून दारात उभी होती.

"तुझ्या मॅडमकडं. तिला तिचं माप देते काढून."

"तुम्ही नका जाऊ."

"का नको? गप्प बसायचं?"

"कोट माझ्या अंगावर होता." सुनेचा आवाज चढला. त्या घरात तो कधी चढला नव्हता, त्यामुळे मावशी आपोआप थांबल्या. "वळ मला म्हणाल्या. जागा माझी होती. तुम्ही गेलात की मी पुन्हा तुमच्या पाठीमागं उभी. सहा वर्षं तेच करतेय मी, आई. तुम्ही वाढलंत ते खाल्लं, तुम्ही दिलंत ते घातलं, तुम्ही वळ म्हणालात की वळले. लोक येऊन सांगतात, नशीब काढलंस. काल त्या बाईनं वळ म्हटल्यावर मी वळले, ते कुठं शिकले मी? ही नोकरी कशाला हवी होती मला? कुणाच्या उपकारात राहू नये म्हणून. तुमच्यासुद्धा!"

मावशींना राग आला. आलाच. पोटच्या पोराला घराबाहेर काढलं ते हे ऐकायला का, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण चार रविवार स्टुलावर उभी असलेली पोर त्यांना दिसली, आणि आपण किती वेळा "वळ" म्हणालो ते मोजता येईना. त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"काय घालून जाशील?" मावशींनी विचारलं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच जाणवलं की सुनेला त्यांनी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. कपडे काढून हातात दिले होते.

"हाच कोट. फक्त ती बटणं काढून द्या मला."

"दुसरी कुठली लावू?"

सुनेनं घरातल्या बटणांचा डबा चटईवर उपडा केला आणि काळी, साधी, चार भोकांची सहा निवडली. मावशींना ती अजिबात आवडली नाहीत. निळ्यावर काळं मरगळलेलं दिसतं. त्या काहीही न बोलता सुई ओवायला बसल्या, आणि मावशींच्या आयुष्यात अशी वेळ दुसरी आली नाही.

रुग्णालयात सुनेनं त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. "इथून उठायचं नाही." मावशी ॲप्रनमध्ये, मांडीवर हात ठेवून, एखाद्या आरोपीसारख्या बसल्या. दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून त्यांना टेबलाचा कोपरा दिसत होता आणि कोटाची पाठ. पाठीची शिवण सरळ बसली होती.

पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बटणांचा, एकेक करून.

"ही तुमची सहा बटणं, मॅडम. मोजून घ्या."

"अगं, हे काय?"

"कोट माझा आहे. तो उलटवून माझ्या सासूबाईंनी नव्यानं शिवलाय. त्यात तुमच्या ओळखीचं एवढंच उरलं होतं, ते परत आणलंय. पिशवी पण आणलीय, उघडलेली नाही. आणि काल मला एकच प्रश्न विचारलात. लेखीत माझा पहिला नंबर आहे. बाकीच्यांना विचारलेत ते सगळे प्रश्न मलाही विचारा."

"हे बघ, मी काही वाईट हेतूनं बोलले नाही गं."

"माहितीय. वाईट हेतू असता तर मी कालच उत्तर दिलं असतं."

आत एक खुर्ची करकरली. बटणं गोळा केल्याचा बारीक आवाज आला, आणि मग त्या बाईंचा आवाज, सवयीनं निघाल्यासारखा, खालच्या पट्टीतला.

"थँक्यू."

बाकावर मावशींनी ॲप्रनचा काठ मुठीत धरला. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भयंकर राग आला. पन्नास वर्षांचा एकदम आला, त्या आठ वर्षांच्या पोरीसाठी, जिला दुसऱ्या दिवशी हाताला धरून नेलं होतं आणि फ्रॉक परत देता येतो हे कुणीच सांगितलं नव्हतं. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयनं विचारलं, "आजी, काही दुखतंय का?" मावशी म्हणाल्या, "तू तुझं काम कर."

आतून हेडक्लार्कचं खाकरणं ऐकू आलं. "मॅडम, फाइल आणू का प्रश्नांची?" मग अर्धा तास प्रश्न आणि उत्तरं चालली. मावशींना शब्द कळत नव्हते, पण कोटाची पाठ एकदाही वाकली नाही एवढं त्यांनी पाहिलं.

शुक्रवारी यादी लागली. सुनेचं नाव होतं, दुसऱ्या क्रमांकावर.

"दुसरी?" मावशी फलकासमोरच कडाडल्या. "लेखीत पहिली आणि इथं दुसरी? पहिली का नाही?"

"आई, जागा दोन आहेत. मिळालीय."

"ते कळतंय मला. पहिली का नाही ते विचारतेय."

सोमवारी सून कामावर निघाली. राखाडी पँट, फिका निळा शर्ट, कोट आणि गळ्याशी तिनं स्वतः विकत आणलेला एक केशरी रुमाल. तो केशरी मावशींच्या डोळ्यांत खुपत होता. "रंग तुझा तू निवडलास," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दार जरा जोरात लावलं.

पंधरा दिवसांनी तळघराच्या दारात रुग्णालयाच्या ड्रायव्हरनं एक पिशवी आणून ठेवली. चिठ्ठी होती. तिच्यावर फक्त मॅडमच्या घराचा पत्ता होता, बाकी काही नाही. मावशींनी नेहमीप्रमाणे कात्री घेतली आणि पिशवी टेबलावर ओतली. दोन शर्ट निघाले, एक राखाडी स्कर्ट, एक लोकरीचं जाकीट, सगळं धुऊन इस्त्री केलेलं. त्यांनी पहिला शर्ट उलगडला, मग दुसरा. मग जाकिटाच्या बाह्या उलटसुलट करून बघितल्या.

एकाही कपड्याला बटण नव्हतं. सगळी कापून काढलेली होती, आणि ती कापताना कुणीतरी ब्लेड वापरलं होतं. दोरे लोंबत होते. शर्टाला दोन ठिकाणी कापड ओढून भोकं पडली होती, जाकिटाला तर चांगला बोटभर चिरा गेला होता.

"मेलीला कात्री धरता येत नाही!" मावशींचा आवाज वरच्या मजल्यावर पोचला. "एवढं चांगलं कापड! ब्लेडनं कुणी बटणं काढतं का? घरात एक कात्री असू नये? वाट लावली सगळ्याची!"

सल्लागार बाई धावत जिन्यात आल्या. "काय झालं, मावशी?"

"काही झालं नाही. तुम्ही जा वर."

त्यांनी चष्मा पुसला. एकदा पुसून भागलं नाही, म्हणून पुन्हा पुसला. मग राखाडी दोरा शोधून सुई ओवली आणि जाकिटाचा चिरा रफू करायला घेतला, तोंडानं त्या बाईला शिव्या घालत, टाके मात्र अगदी बारीक.